लोकलहोस्टवरचं पान दुसऱ्याच्या स्क्रीनवर उघडत नाही, तेव्हा काय काय तपासायचं

आपल्या मशीनवर ह्यूगो, जेकिल, व्हीट, जँगो यांसारख्या वेबसाइट बनवायच्या साधनांनी किंवा साध्या पायथॉन सर्व्हरने पान तयार होतं आणि ब्राउझरमध्ये झकास दिसतं. मग शेजारी बसलेल्या माणसाला किंवा स्वतःच्याच मोबाइलवर ते दाखवायला जावं, तर काहीच दिसत नाही. हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासणीचा क्रम आता ठरून गेला आहे. फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी अडवणारा पहारा, त्या क्रमात बरीच खाली येते. बहुतेक लोक मात्र सगळ्यात आधी तीच बंद करून बसतात.

लक्षणं

आधी समोर नेमकं काय दिसतंय ते बघा. "चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- दुसऱ्या उपकरणावर क्षणात "कनेक्शन नाकारलं" असा संदेश येतो.
- चक्र बराच वेळ फिरत राहतं आणि शेवटी "वेळ संपली" असं येतं.
- पानाऐवजी ४०३ किंवा ४०० क्रमांकाची त्रुटी येते.
- पान येतं, पण उघडंबोडकं. स्टाइल नाही, चित्रं नाहीत, किंवा यादीच्या जागी रिकामी चौकट.
- पान नीट दिसतं, पण कॅमेरा, माइक किंवा लोकेशन चालत नाही.
- काल हीच लिंक चालत होती, आज चालत नाही.

पहिल्या दोन लक्षणांतला फरक फार कामाचा आहे. लगेच नकार आला, म्हणजे विचारणा तुमच्या मशीनपर्यंत पोहोचली आणि त्या पोर्टवर (पत्त्यापुढच्या दाराच्या क्रमांकावर) ऐकणारं कुणी नाही असं मशीनने स्वतः सांगितलं. नेटवर्क ठीक आहे, सर्व्हरकडे बघा. चक्र फिरत राहिलं, तर विचारणा वाटेत कुठेतरी गिळली गेली आहे. फायरवॉल, राउटर किंवा चुकीचा पत्ता यांपैकी काहीतरी. विंडोजवर मात्र हा भेद पुसट होतो. तिथली फायरवॉल बंद पोर्टवरही बाहेरच्याला नकार न कळवता गप्प राहते. म्हणून सर्व्हर विंडोजवर असेल तर नुसतं फिरणारं चक्र बघून फायरवॉलला दोष देऊ नका.

चार किंवा पाचने सुरू होणारा त्रुटी क्रमांक दिसला, तर एका अर्थी बरी बातमी आहे. नेटवर्क पार झालं, कुणीतरी उत्तर दिलं. अडचण आता सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आहे.

१. पत्ता

"लोकलहोस्ट" आणि १२७.०.०.१ यांचा अर्थ "हेच मशीन". ती लिंक दुसऱ्याला पाठवली की त्याचा ब्राउझर त्याच्याच मशीनवर सर्व्हर शोधतो. १२७ने सुरू होणारे सगळे पत्ते असेच. "फाइल://" किंवा "सी:" ने सुरू होणारी लिंक पाठवली असेल तर तिथे सर्व्हरचा संबंधच नाही, ती तुमच्या डिस्कवरची जागा आहे.

पाठवायचा असतो तो तुमच्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता. विंडोजवर "आयपीकॉन्फिग", लिनक्सवर "आयपी अॅड्र", मॅकवर वाय-फायच्या तपशिलात तो मिळतो. सहसा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होतो, किंवा १७२.१६ ते १७२.३१ या टप्प्यात असतो. हे पत्ते खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत.

एकापेक्षा जास्त पत्ते दिसले की गोंधळ होतो. व्हर्च्युअलबॉक्स, डॉकर, डब्ल्यूएसएल हे मशीनच्या आत वेगळी यंत्रणा चालवणारे प्रोग्रॅम आपापला पत्ता टाकून ठेवतात. विंडोजवर ज्या गटात "डीफॉल्ट गेटवे" पुढे आकडा लिहिलेला आहे, तो गट धरा. १९२.१६८.५६ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो बहुधा व्हर्च्युअलबॉक्सचा, बाहेरच्या कुणाला तो उपयोगाचा नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी वाय-फाय तोडून पुन्हा जोडा.

लिंक पूर्ण लिहा: "एचटीटीपी://१९२.१६८.१.२३:८०००". सुरुवातीचं "एचटीटीपी" गाळलं तर काही ब्राउझर आपणहून सुरक्षित जोडणीचा प्रयत्न करतात आणि साधा सर्व्हर तिला उत्तर देऊ शकत नाही. शेवटचा पोर्ट गाळला तर ब्राउझर ८० वर जाऊन बसतो. पोर्टही टर्मिनलमध्ये पुन्हा वाचा. आधीचा सर्व्हर मागे चालू राहिला असेल तर व्हीट न विचारता ५१७३ सोडून ५१७४ वर जातं आणि तुम्ही जुनीच लिंक वाटत राहता.

२. स्वतःच्याच मशीनवर तो पत्ता उघडा

यादीतली एकच तपासणी करायची असेल तर ही करा. ज्या मशीनवर सर्व्हर चालू आहे, त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट न लिहिता १९२.१६८.१.२३:८००० हा पत्ता टाका.

स्वतःच्या पत्त्यावर केलेली विचारणा मशीनबाहेर पडतच नाही. राउटर, वाय-फाय, समोरच्याचा मोबाइल यांपैकी कशाचाच तिच्याशी संबंध येत नाही. पान उघडलं नाही, तर दोष सर्व्हरच्या बांधणीत (तो कुठल्या पत्त्यावर ऐकतो त्यात) आहे, तिसऱ्या मुद्द्यावर जा. पान उघडलं, तर सर्व्हर बरोबर ऐकतोय, तिसरा मुद्दा सोडून थेट चौथ्यावर जा. तासन् तास राउटरच्या सेटिंगमध्ये घालवलेल्या कितीतरी जणांची अडचण या एका चाचणीने दोन मिनिटांत कळली असती.

३. सर्व्हर कुठे ऐकतोय

बरेचसे विकासासाठीचे सर्व्हर मुद्दाम फक्त १२७.०.०.१ वर ऐकतात. अर्धवट काम सगळ्या नेटवर्कला दिसू नये म्हणून केलेली ही सोय आहे, आणि ती योग्यच आहे. दुसऱ्याला दाखवायचं तर ती आपण सांगून बदलावी लागते. ०.०.०.० म्हणजे "या मशीनच्या सगळ्या जोडण्यांवर ऐक". दुसऱ्याला पाठवायचा पत्ता मात्र तो नव्हे.

ह्यूगोला "--बाइंड ०.०.०.०" द्यावं लागतं, त्याचा पोर्ट १३१३. जेकिलला "--होस्ट ०.०.०.०", पोर्ट ४०००. व्हीटला नुसतं "--होस्ट" पुरतं. फ्लास्कला "--होस्ट=०.०.०.०". जँगोला "रनसर्व्हर ०.०.०.०:८०००". एमकेडॉक्सला "-ए ०.०.०.०:८०००". पायथॉनचा साधा "एचटीटीपी.सर्व्हर" मात्र सुरुवातीपासूनच सगळ्या जोडण्यांवर ऐकतो. सेटिंग बदललं की सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. चालू सर्व्हर ऐकण्याची जागा बदलत नाही.

खात्री करायची तर विंडोजवर "नेटस्टॅट -एएनओ", लिनक्सवर "एसएस -एलटीएन" चालवा आणि तुमच्या पोर्टची ओळ शोधा. "१२७.०.०.१:८००० लिसनिंग" दिसलं तर सर्व्हर फक्त तुमच्यासाठी आहे. "०.०.०.०:८००० लिसनिंग" दिसलं तर सगळ्यांसाठी. दोन्ही ओळी एकदम दिसल्या, तर दोन सर्व्हर चालू आहेत, आणि तुम्ही बघताय ते पान व दुसरे बघताहेत ते पान वेगळं असू शकतं. असं झालं की माणूस चक्रावून जातो, कारण बदल केलेला फाइलमध्ये दिसतो, आपल्या स्क्रीनवर दिसतो आणि समोरच्याला जुनंच पान दिसत राहतं.

मॅकवर ५००० पोर्टची वेगळी गंमत आहे. मॉन्टरेपासून, म्हणजे २०२१पासून, एअरप्ले रिसीव्हर तो पोर्ट धरून बसतो आणि फ्लास्कचाही नेहमीचा पोर्ट तोच. उगाच झगडू नका, ५००१ घ्या. ६००० किंवा ६६६५ ते ६६६९ हे पोर्टही टाळा. ब्राउझर ते असुरक्षित म्हणून स्वतःच अडवतात, सर्व्हर कितीही नीट असला तरी.

४०० आलं आणि सर्व्हर जँगोचा असेल, तर "अलाउड होस्ट्स" मध्ये तुमचा पत्ता घाला. डीबग चालू असताना ती यादी रिकामी असली, तर जँगो लोकलहोस्टच्या नावांखेरीज कुणाला ओळखत नाही. तिथे तारांकन टाकून मोकळं होण्याचा मोह होतो. एक पत्ता लिहायला तेवढाच वेळ लागतो, तोच लिहा. अपाचेवर ४०३ आलं तर त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये "रिक्वायर लोकल" आहे का बघा. वॅम्पमध्ये (विंडोजवर अपाचे बसवून देणाऱ्या संचात) हे नेहमी आढळतं. तिथे "रिक्वायर आयपी १९२.१६८.१" लिहिलं की तुमच्या नेटवर्कपुरतं दार उघडतं. पीएचपीमायअॅडमिनच्या फोल्डरला असलेलं हेच बंधन मात्र काढू नका. पान दाखवायला डेटाबेसची किल्ली द्यायची गरज नसते.

४. दोघं एकाच नेटवर्कवर आहात का

मोबाइलने वाय-फाय सोडून गुपचूप मोबाइल डेटा धरलेला असतो. पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय असतं आणि समोरचा त्यावर असतो. व्हीपीएन चालू असतं आणि ते स्थानिक विचारणाही आपल्या बोगद्यात ओढून नेतं. मोबाइल डेटा बंद करा, दोन्हीकडचं व्हीपीएन बंद करा, वाय-फायचं नाव ताडून बघा. दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन आकडे जुळले तर बहुधा एकच नेटवर्क आहे.

नव्या अॅपल उपकरणांवर आणखी एक अडथळा आहे. आयओएस १४पासून, म्हणजे २०२०पासून, आणि मॅकवर २०२४च्या सिक्वोयापासून, अॅपला स्थानिक नेटवर्कवर जायला परवानगी लागते. ब्राउझरने ती विचारली तेव्हा घाईत "नको" दाबलं गेलं, की तो ब्राउझर इंटरनेटवर सगळीकडे जातो, फक्त तुमच्या पानावर येत नाही. त्याच उपकरणावर सफारीत पान उघडलं आणि क्रोममध्ये नाही, तर इथेच बघा: सेटिंग्जमधल्या गोपनीयता विभागात "लोकल नेटवर्क".

पिंगवर (दुसरं मशीन उत्तर देतं का ते बघायच्या आज्ञेवर) विसंबू नका. विंडोज बऱ्याचदा पिंगला उत्तर देत नाही, पण पान देतं. उलटही होतं.

५. फायरवॉल

आता तिची पाळी. विंडोजवर एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा बाहेरच्यांसाठी ऐकायला लागला की परवानगीची खिडकी येते. ती "रद्द करा" म्हणून घालवली, तर विंडोज नुसतं "आत्ता नको" समजत नाही. त्या प्रोग्रॅमला अडवणारा कायमचा नियम तयार होतो. पुढे तुम्ही हाताने ८००० पोर्टला परवानगी देणारा नियम केलात तरी काही फरक पडत नाही, कारण अडवणारा नियम परवानगीच्या नियमावर मात करतो. लोक नेमके इथे अडकतात: नियम केला, दिसतोय, हिरवी खूण आहे, तरीही पान नाही.

प्रगत सेटिंगमध्ये "इनबाउंड रूल्स" उघडा. नावाप्रमाणे यादी लावा आणि पायथॉन, नोड किंवा जो काही सर्व्हर असेल त्याच्या नावापुढे लाल खूण आहे का बघा. सहसा दोन असतात, एक टीसीपीसाठी, एक यूडीपीसाठी. दोन्ही काढा, सर्व्हर पुन्हा चालू करा. खिडकी परत येईल, तेव्हा खासगी नेटवर्कपुरती परवानगी द्या. हा नियम प्रोग्रॅमच्या फाइलच्या जागेला चिकटलेला असतो, म्हणून नवी आवृत्ती नव्या फोल्डरमध्ये आली की जुनी परवानगी तिला लागू होत नाही.

याच्याच जोडीला नेटवर्कचा प्रकार बघा. घरचं वाय-फाय "सार्वजनिक" म्हणून नोंदलेलं असेल तर खासगीपुरती दिलेली परवानगी तिथे चालत नाही. स्वतःचं नेटवर्क असेल तर ते "खासगी" करा. कॅफे, स्टेशन, हॉटेल इथे करू नका. अँटीव्हायरसची स्वतःची वेगळी फायरवॉल असेल तर तीही बघावी लागते.

लिनक्सवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल असेल तर सरसकट पोर्ट उघडण्याऐवजी "सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ८००० प्रोटो टीसीपी" असं आपल्या नेटवर्कपुरतं उघडा आणि काम झालं की नियम काढा.

पूर्ण फायरवॉल बंद करून बघायचंच असेल, तर स्वतःच्या नेटवर्कवर, मिनिटभर आणि लगेच परत चालू. पान उघडलं तर नियमात दोष आहे एवढं कळलं, आता नियम शोधा. फायरवॉल तशीच बंद ठेवून कामाला लागू नका. पुढच्या वेळी तुम्ही तेच मशीन कुठल्यातरी अनोळखी वाय-फायला जोडाल.

६. राउटर

काही राउटर, आणि पाहुण्यांची जवळपास सगळी वाय-फाय नेटवर्क, उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. सेटिंगमध्ये याला "एपी आयसोलेशन" किंवा "क्लायंट आयसोलेशन" म्हणतात. राउटरला हात न लावता तपासायचं असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, लॅपटॉपचा नवा पत्ता बघा आणि मोबाइलवर तो उघडा. पान दिसलं तर दोष राउटरकडे. राउटर तुमचा असेल तर ते सेटिंग बदला, नसेल तर हॉटस्पॉटवरच काम भागवा.

दाखवायचं फक्त स्वतःच्या अँड्रॉइडवर असेल, तर यूएसबी केबल लावून "एडीबी रिव्हर्स" वापरा. मोबाइलचा लोकलहोस्ट:८००० थेट तुमच्या मशीनच्या ८००० ला जोडला जातो आणि सगळं नेटवर्क प्रकरणच बाजूला राहतं.

७. डॉकर आणि डब्ल्यूएसएल

डॉकरमध्ये बांधणी दोनदा तपासावी लागते. कंटेनरच्या (डॉकरच्या बंद कप्प्याच्या) आतला सर्व्हर १२७.०.०.१ वर असेल तर पोर्ट कितीही बाहेर काढा, उत्तर येणार नाही. आणि बाहेर "१२७.०.०.१:८०८०:८०" असं लिहिलं असेल तर तो फक्त तुमच्या मशीनपुरता उघडतो. सुरुवातीचा १२७.०.०.१ काढलात तर लक्षात असू द्या, डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातो.

डब्ल्यूएसएल २ विंडोजच्या पोटात वेगळ्या पत्त्यावर राहतं. लोकलहोस्टची विचारणा विंडोज आपणहून आत पोहोचवतं, बाहेरून आलेली नाही. विंडोज ११ची २२एच२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर डब्ल्यूएसएलच्या सेटिंगमध्ये नेटवर्क "मिरर्ड" करा. जुन्यावर "नेटएसएच" चा "पोर्टप्रॉक्सी" लावावा लागतो, आणि आतला पत्ता बदलला की तो पुन्हा लावावा लागतो.

८. पान येतं, पण अर्धवट

पानाच्या आत कुठेतरी लोकलहोस्ट लिहिलेला आहे. ह्यूगो याचं ठळक उदाहरण. "--बाइंड" दिलं की पान बाहेर दिसतं, पण स्टाइलच्या लिंकमध्ये लोकलहोस्ट:१३१३ तसाच राहू शकतो आणि समोरचा मोबाइल ती स्टाइल स्वतःत शोधतो. "--बेसयूआरएल" मध्ये तुमचा पत्ता द्या. जावास्क्रिप्टमधून एपीआयला (पानाला माहिती पुरवणाऱ्या सर्व्हरला) जाणारी विचारणा लोकलहोस्टवर असेल तर यादी रिकामी दिसते. तिथेही पत्ता बदला, आणि एपीआयचा सर्व्हरही ०.०.०.० वर आहे का, सीओआरएसमध्ये (कुठल्या पत्त्यावरच्या पानाला माहिती द्यायची त्या यादीत) नवा पत्ता आहे का, तेही बघा.

कॅमेरा, माइक, लोकेशन आणि सर्व्हिस वर्कर यांचं कारण वेगळं आहे. ब्राउझर या सोयी फक्त सुरक्षित पानाला देतो. लोकलहोस्टला तो विश्वासू मानतो, साध्या एचटीटीपीवरच्या १९२.१६८.१.२३ ला मानत नाही. कोडमध्ये चूक शोधत बसू नका. एमकेसर्टने स्थानिक प्रमाणपत्र बनवून दोन्ही उपकरणांवर बसवा, किंवा वरची केबलची युक्ती वापरा. तिथे मोबाइलच्या दृष्टीनेही पत्ता लोकलहोस्टच असतो.

९. काल चालत होतं

मशीन झोपलं होतं का बघा. नाहीतर राउटरने नवा पत्ता दिला आहे. रोजचं काम असेल तर राउटरमध्ये त्या मशीनसाठी पत्ता राखून ठेवा, किंवा मशीनच्या नावापुढे ".लोकल" लावून वापरा. मॅकवर हे आधीपासून चालतं.

घराबाहेरच्या माणसाला दाखवायचं असेल तर

१९२.१६८ वाली लिंक दुसऱ्या गावच्या माणसाला पाठवून काही होत नाही. तो पत्ता त्याच्या नेटवर्कमध्ये दुसऱ्याच कुणाचा असतो. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर सेवा देणाऱ्याने अनेक ग्राहक एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहेत, आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा (राउटरने बाहेरची विचारणा तुमच्या मशीनकडे वळवण्याचा) काही उपयोग होणार नाही. एनग्रॉक किंवा क्लाउडफ्लेअर टनेल तुमचं पान तात्पुरतं इंटरनेटवर दाखवतं, तेवढ्यापुरतं काम भागतं. पानं स्थिर असतील तर ती गिटहब पेजेससारख्या ठिकाणी चढवणं मला सगळ्यात बरं वाटतं, तुमचं मशीन त्यातून मोकळं होतं.

बाहेरच्याला दाखवण्याआधी दोन गोष्टी न चुकता करा. पायथॉनचा सर्व्हर फक्त तयार पानांच्या फोल्डरमधून चालवा: ह्यूगोचं "पब्लिक", जेकिलचं "_साइट", व्हीटचं "डिस्ट". प्रकल्पाच्या मुळातून चालवलात तर पासवर्ड असलेली ".ईएनव्ही" आणि सगळा ".गिट" फोल्डर कुणालाही उतरवून घेता येतो. आणि फ्लास्कचा डीबग मोड बंद करा. त्याच्या त्रुटीच्या पानावरून तुमच्या मशीनवर कोड चालवता येतो, मध्ये फक्त एक पिन असतो.

कुठे थांबायचं

नेटवर्क कार्यालयाचं, कॉलेजचं किंवा वसतिगृहाचं असेल आणि हॉटस्पॉटवर पान उघडत असेल, तर तिथेच थांबा. अडथळा कुणीतरी विचार करून घातलेला आहे, तो चुकवायचे मार्ग शोधू नका. फायरवॉलच्या पानावर "काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते" असं दिसलं तरी तेच. राउटरवर बाहेरून पोर्ट उघडायची वेळ आली आणि तो नियम नेमकं काय करतो हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर जाणकाराला बोलवा. पानामागे खऱ्या ग्राहकांची माहिती असेल तर विकासाचा सर्व्हर कुणालाच उघडून देऊ नका. जँगोच्या स्वतःच्या दस्तऐवजात "रनसर्व्हर" प्रत्यक्ष वापरासाठी नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे जाताना हे लिहून न्या: दोन्ही उपकरणांचे पत्ते, पोर्ट, स्वतःच्या पत्त्यावर पान उघडतं की नाही, "नेटस्टॅट"ची ती एक ओळ, नकार येतो की चक्र फिरतं, हॉटस्पॉटवर काय झालं, आणि प्रयत्न केल्याची वेळ. वेळ दिलीत तर त्याला फायरवॉलच्या नोंदींत तुमची विचारणा थेट शोधता येते.